दार आलं की उडी

माझी बायको जेरुशा गेल्याचा हॉस्पिटलमधून फोन आला, तेव्हा आमची सहा वर्षांची मिखाल दारापाशी उड्या मारत होती. शेजारच्या शोभावहिनी म्हणाल्या, "लेकराला काही कळत नाही हो." मला तरी कुठे कळत होतं? मी फोनवर "ठीक आहे, थँक्यू" म्हणालो होतो.

उड्या थांबल्याच नाहीत. वर्गाचं दार, सुकापूरच्या वाण्याचं दार, बाथरूमचंसुद्धा. शेवटी शाळेने सांगितलं, मुलगी हायपर आहे, डॉक्टरांना दाखवा, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरी शाळा बघा. ही शाळा जेरुशाने निवडलेली. मला ती सोडायची नव्हती.

डॉक्टर चारुतामॅडमच्या दारातच मिखालने उडी मारली. हात बेलवर पडला. मदतनीस बाळू धावत आला. केबिनच्या दारात परत उडी.

मॅडमनी विचारलं, "वस्तू हरवते?"

"हो."

"बोलताना लक्ष दुसरीकडे असतं?"

"काय म्हणालात?"

"तुमचं नाही, मिखालचं विचारतेय. सोफ्यावर, बाकावर उड्या मारते?"

"नाही. फक्त दारात."

मॅडम मिखालकडे वळल्या. "दारात काय असतं गं?"

"मेझुझा."

मग मला सांगावं लागलं. आम्हा बेने इस्राएल लोकांच्या दाराला उजव्या चौकटीवर धर्मवचनाची छोटी डबी असते. येताजाता तिला हात लावून बोटांचा मुका घ्यायचा.

"आई उचलायची," मिखाल म्हणाली. "पप्पा उचलत नाहीत."

"अगं, पण इथे मेझुझा नाहीये!"

"हात पोचल्याशिवाय कसं कळणार?"

बाळूने वर चौकटीकडे बघून घेतलं.

मॅडम म्हणाल्या, "ही उडी मी आजारात धरत नाही. बाकीचं शाळेशी बोलून, दोन-तीनदा बसून बघू. इतक्यात मी कुठल्या आजाराचं नाव देणार नाही. तोवर पोरीला उचला."

"किती वेळा?"

"दार येईल तेव्हा."

घरी आल्यावर उचललं. चांगलीच जड झाली आहे. तिने मेझुझाला हात लावला, बोटांचा मोठ्ठा आवाज करून मुका घेतला.

"आता तुम्ही, पप्पा. तुमचा तर पोचतो."

"आधी चपला काढू दे," मी म्हणालो आणि आत गेलो.

मॅडमकडे अजून जायचं आहे. शाळेचं ठरायचं आहे. जेरुशा गेल्यापासून मी मेझुझाला हात लावलेला नाही. तेही राहिलं आहे.