विमानांचा फंड

माझ्या नवऱ्याचा, अश्विनचा, अभ्यास म्हणजे मान वर करून आभाळात बघणं. ओझरला विमान कारखान्याजवळच्या मित्राच्या गच्चीवरून त्याने लढाऊ विमानं उडताना पाहिली आणि ठरवलं, संरक्षण क्षेत्राचा म्युच्युअल फंड घ्यायचा. "अगं, धंदा डोक्यावरून उडतोय, अजून कसला पुरावा पाहिजे?" मला ते तेव्हा हुशारीचं वाटलं, याचीच आज जास्त किळस येते.

पैसे आमचे नव्हतेच. माझ्या आईने चांदवडला हायवेलगतचे दोन गुंठे विकून सहा लाख आणले होते, दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी. आमच्या फ्लॅटचा जिना ती बसून उतरायची, एकेक पायरी. डॉक्टरांनी आधी साखर आटोक्यात आणायला सांगितलं, म्हणून वर्षभर पैसे पडून राहणार होते. अश्विन म्हणाला, "आई, कागदपत्रांची कटकट तुम्हाला कशाला? माझ्या नावावर घेतो."

चार महिन्यांनी अठ्ठेचाळीस हजार लाभांश जाहीर झाला. कर कापून त्रेचाळीस हजार खात्यात आले. या शहाण्याने कॉलनीत पेढे वाटले, आईला पैठणी आणली, उरलेल्यात टीव्ही. मी दोन पेढे खाल्ले.

माझ्या शाळेतले सुनील सर असले हिशेब जाणतात. त्यांना मी फुशारकीने सांगितलं, तर ते कपाळावर हात मारून म्हणाले, "मॅडम, लाभांश म्हणजे वरकमाई नव्हे. तुमच्याच पैशातून काढून देतात, फंडाचा भाव तेवढाच उतरतो. अश्विनरावांना अजून पगाराच्या हिशेबाने उरलेला कर भरायचाय. फंड आईंच्या नावावर असता तर करच लागला नसता."

घरी सांगितलं तर अश्विन हसला. मग बाजार पडला. दोन महिन्यांत फंडात तीन लाख सत्तर हजार उरले. हा लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याचा मुलगा; म्हणे, "भाव पडला की माल कांदाचाळीत साठवून ठेवायचा. विकायचं नाही."

"चाळीतला कांदाही सडतो," मी ओरडले. "आणि आईचे गुडघे कुठल्या चाळीत ठेवू?"

त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. त्या टीव्हीचा!

ऑपरेशनची तारीख आली तेव्हा मी आईला सगळं सांगितलं.

"म्हंजी माझ्याच पैशाची साडी मला नेसवली?"

"हो."

"जावयाला काय बोलू नको, बाई. लय मनाला लावून घेत्यात."

जावई, जावई करत या माणसाला आजवर कुणी खडसावलं नाही. मीसुद्धा त्यातलीच. त्या दिवशी मात्र त्याच्यासमोर बसून मी सगळा फंड विकायला लावला. आमचे दोन्ही पगार फ्लॅटच्या हप्त्यात आणि घरखर्चात संपतात, त्यामुळे वर घालायला काही नव्हतं. एकाच गुडघ्याचं जमत होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "आधी कोणता करायचा?"

"आता डावा करू," अश्विन उत्साहाने म्हणाला. "उजवा पुढच्या वर्षी. मार्केट वर येतंच."

आईने त्याच्याकडे पाहिलंच नाही. दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून तिने डॉक्टरांना विचारलं, "यातला मरेस्तोवर रेटंल असा कोणता हाय? त्यो ऱ्हाऊ द्या."