मेलेली धामण आणि वांग्याची फोडणी

मूल शहराच्या पलीकडच्या एका गावात संजीवनबाबा आले आणि लोकांनी मरणाची भीतीच सोडून दिली. धान चुरणं, म्हणजे मळणी, टाकून सारा गाव सकाळीच बाबांच्या धुनीभोवती जमू लागला. डोमानं मेलेला कोंबडा आणला. इतवारीनं तर पोळ्याआधी मेलेल्या बैलाचं शिंग आणलं.

"बाकीचा बैल यावरून करून देते काय बाबा?" तो ज्याला-त्याला विचारत होता.

बाबा ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या मडक्यातून काठीसारखी ताठ धामण काढत. "मर गयी? मरने दो! हम बैठे हैं!" असं गरजून तिला धुनीपाशी मांडीवर घेत आणि मंत्र पुटपुटत. घटकाभरात धामण वळवळू लागे.

आशाबाईला याचं हसू आलं असतं, पण घरी तिची लेक चंदा तापानं फणफणली होती, छाती घरघरत होती. आणि नवरा, देवाजी, मूलच्या दवाखान्यात जायला गाडी जुंपत नव्हता.

"काऊन घाबरून राह्यली? मेली तरी बाबा उठवते तिले!" तो म्हणे.

आशाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. थंडीत धानाचं पुंजणं, म्हणजे पेंढ्यांची रास, उपसताना आखडलेले साप निघतात. गडी मेले समजून ते बांधावर फेकतात. दुपारी साप दिसला नाही की म्हणतात, घारीनं नेला. तिनं मात्र तसा एक साप ऊन खाऊन सरपटत जाताना पाहिला होता.

दुसऱ्या सकाळी गाव धुनीभोवती जमला, पण बाबा रात्रीचा रस्सा पचवत झोपडीत घोरत होते. आशाबाईनं सरळ मडक्यातून धामण काढली, धुनीजवळच्या कोमट दगडावर ठेवली आणि मंत्र म्हणावा तसं खणखणीत आवाजात सुरू केलं, "तेल तापू दे, मोहरी तडतडू दे, लसून टाक, वांगे टाक..."

वांगी शिजायच्या आत धामण हलली.

"आशामातेचा जय!" लोक तिच्याच पाया पडू लागले. इतवारीनं शिंग पुढं केलं. देवाजीनं तर हातच जोडले.

"अक्कल गहाण ठेवली काय रे?" आशाबाई कडाडली. "डोमाभाऊ, तो कोंबडाबी ठेवा शेकाले!"

कोंबडा धुनीवर गेला. जळक्या पिसांचा वास सुटला, कोंबडा काही उठला नाही. उठले ते बाबा. डोळे चोळत बाहेर आले आणि म्हणाले, "अरे, नमक लगाया क्या?"

आधी इतवारी हसला, मग सारा गाव. आशाबाई हसली नाही.

"धामण मेली नव्हती, थंडीनं आखडली होती. ऊब भेटली, हालली. रातभर ओल्या मडक्यात ठेवा, उद्या परत मेल्यावानी दिसन. मेलेलं शेकलं त फक्त भाजते." ती देवाजीकडे वळली. "चंदाचा श्वास अजून चालून राह्यला हाय. मेल्यावर कोनी उठवत नाई, ना बाबा, ना डॉक्टर. जिती हाय तवरच न्या तिले."

देवाजी धावतच गोठ्याकडे गेला. गाडीला जुंपायला त्यानं बैल सोडले.