साऊ-हानचा पडद्यावरचा नवरा

फाँग साऊ-हानने बावीस वर्षं बाहुल्यांच्या डोक्यात केस शिवले. काळे, सोनेरी, कधी लाल. मग मालकाने कारखाना शहराच्या हद्दीपलीकडे नेला, तिकडे मजुरी स्वस्त म्हणून, आणि छप्पन्नाव्या वर्षी साऊ-हान घरी बसली.

घर क्वून तोंग भागातल्या सरकारी वसाहतीत, चौदाव्या मजल्यावर. मुलगा वाय-हुंग, सून सुक-फान, सात वर्षांची नात का-यिंग आणि भिंतीवर नऊ वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याचा फोटो. वाय-हुंग बस कंपनीत गाड्यांची वेळापत्रकं आखायचा. मुलगा म्हणून नाव ठेवायला जागा नव्हती. कामावरून आला की बूट काढता काढता विचारायचा, “आई, गोळी घेतलीस का?” ती “घेतली” म्हणायची. मग तो टीव्ही लावायचा.

दिवस खायला उठायचा. शेवटी शेजारच्या चॉयबाई म्हणाल्या, “अगं, माझ्याबरोबर सिनेमाच्या शूटिंगला चल. काही करायचं नसतं. गर्दीत बसायचं. दुपारचा डबा मिळतो.”

“हुंगला कळलं तर? आईला पोसत नाही, कामाला लावतो, असं लोक म्हणतील म्हणून डोकं धरून बसेल.”

“मग पत्ते खेळायला जाते म्हणून सांग. मीही तेच सांगते.”

अशी साऊ-हान ऑक्टोबरात एका सकाळी याउ मा तेई भागातल्या एका मोठ्या हॉटेलात जाऊन पोचली. नववर्षाला लागणारा विनोदी सिनेमा होता. मिठाईवाल्याच्या चार मुली, त्यांची लग्नं, नेहमीचा गोंधळ. त्या दिवशी लग्नाच्या जेवणाचा प्रसंग होता. हातात कागद घेतलेला एक घाईतला माणूस टेबलांमधून फिरत बोटाने माणसं वाटत होता. साऊ-हानला म्हणाला, “तुम्ही नवरीची मावशी.” मग मागे उभ्या एका उंच, पांढऱ्या केसांच्या माणसाला ओढून म्हणाला, “आणि तुम्ही हिचा नवरा. बसा.”

तो माणूस बसला, मग उठला, तिला किंचित वाकून नमस्कार केला आणि तिच्या दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसला.

“माफ करा बाई. डावा कान गेलाय. तीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनाशी होतो, तिथेच ठेवून आलो. मी मोक यिउ-तिन.”

“मी लामबाई,” ती म्हणाली. फाँग हे माहेरचं आडनाव. लोकांत ती लामबाईच होती.

कागदवाला ओरडून सांगत होता, “आवाज आत्ता घेत नाही, नंतर भरू! तोंडं हलत राहिली पाहिजेत. काहीही बोला. भाजीचे भाव बोला! आणि जेवणाला कुणी हात लावायचा नाही, तो मासा सकाळपासूनचा आहे, वरून तेल फासलंय!”

पहिल्या वेळी ते दोघं खरंच भाजीचे भाव बोलले. दुसऱ्या वेळी वसाहतीतल्या लिफ्टबद्दल. नवरीच्या बापाला आपलं वाक्य काही केल्या नीट म्हणता येईना, त्यामुळे प्रसंग पुन्हा पुन्हा घेत होते आणि टेबलावरच्या पाहुण्यांचे विषय संपत आले होते.

“घरी कोण असतं?” मोकनी विचारलं.

“मुलगा, सून, नात. हे नऊ वर्षांपूर्वी गेले.” लग्नाचा प्रसंग असल्यामुळे तिला हे हसत सांगावं लागलं. “तुमच्याकडे?”

“लग्न राहून गेलं. आधी बोटी, मग आईचं आजारपण. ती गेली तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती.” तेही हसतच म्हणाले.

सातव्या वेळी दिवे पुन्हा लागले, कॅमेरा सुरू झाला आणि साऊ-हानच्या तोंडून आपोआप निघून गेलं. आवाज कुठे जाणारच नव्हता, म्हणून असेल. “हे गेले त्या दिवशी मी कारखान्यात होते. इस्पितळातून निरोप आला, लगेच या म्हणून. माझ्या पेटीतल्या सहा बाहुल्या राहिल्या होत्या. मुकादम म्हणाला, एवढ्या करून जा. मी त्या सहा बाहुल्यांना केस लावले आणि मग निघाले. पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. मुलाला मी सांगितलं, बस मिळाली नाही.”

“कट!” दिग्दर्शक ओरडला. सगळ्या पाहुण्यांनी हसू उतरवलं. मोकना ते ‘कट’ ऐकूच गेलं नाही. त्यांनी शांतपणे चॉपस्टिक उचलल्या, माशाच्या गालाचा मऊ तुकडा काढला, त्यातला एक बारीक काटा शोधून बाजूला ठेवला आणि तुकडा तिच्या वाटीत ठेवला.

“खा,” ते म्हणाले. “तुम्हाला कुठे माहीत होतं?”

तो तेल फासलेला, गार मासा साऊ-हानने खाल्ला.

“रविवारी माझ्याबरोबर चहाला याल?”

“येईन.”

कॅमेरेवाल्याने कॅमेरा बंद केला नव्हता. दिग्दर्शक छोट्या पडद्याकडे बघत म्हणाला, “हे ठेवा. हे दोघं झकास आहेत.”

त्यानंतरचे सगळे रविवार साऊ-हान ‘पत्ते खेळायला’ गेली. याउ मा तेईतल्या जुन्या चहाच्या हॉटेलात दोघं वाफवलेल्या पदार्थांच्या करंड्या मागवत, एक वर्तमानपत्र अर्धं अर्धं वाटून वाचत. मोकना फार बोलायला लागत नसे. एकदा तिच्या चपलेचा पट्टा तुटला तर त्यांनी खिशातून तार काढून तिथल्या तिथे तो असा बांधून दिला, की तिने ती चप्पल पुढे टाकलीच नाही. वर्ष सरत आलं तेव्हा ते म्हणाले, “नववर्षाच्या चौथ्या दिवशी तुमच्याकडे येतो. संत्री घेऊन, रीतसर.”

“आत्ता नको. मी घरी बोलते, मग या.”

“बरं,” ते म्हणाले. रागावले नाहीत, रुसले नाहीत. घरी जाताना बसमध्ये तिला तेच जास्त लागलं.

नववर्ष आलं. मुळ्याच्या वड्या झाल्या, दाराशी संत्र्याचं रोपटं आलं, पैशांची लाल पाकिटं वाटून झाली. साऊ-हान घरी बोलली नाही. पहिल्या दिवशी अशुभ नको म्हणून, दुसऱ्या दिवशी सुनेच्या माहेरचे आले म्हणून. तिसऱ्या दिवशी कुणाकडे जायचं नसतं, गेलं की भांडणं होतात. म्हणून लाम कुटुंब दरवर्षी त्या दिवशी सिनेमाला जाई. वाय-हुंगने तिकिटं आणली होती. थिएटरच्या दारावरचं पोस्टर बघून साऊ-हान तिथेच थबकली. मिठाईवाला आणि त्याच्या चार मुली.

‘कापलं असेल,’ ती अंधारात स्वतःला सांगत राहिली. ‘एवढ्या गर्दीत कोण ठेवतं.’

थिएटर खच्चून भरलं होतं. लोक टरबुजाच्या भाजलेल्या बिया फोडत होते, पोरं खुर्च्यांवर उभी होती. तासाभराने लग्नाचं जेवण आलं, कॅमेरा टेबलांवरून फिरला आणि थांबला. पडद्यावर दाराएवढा साऊ-हानचा चेहरा होता.

“आजी!” का-यिंग किंचाळली. “आई, ती बघ आजी!”

पुढच्या चार रांगा वळून बघायला लागल्या. पडद्यावर मोकनी वाटीत मासा ठेवला आणि कुठल्याशा दारुड्याच्या आवाजात म्हणाले, “खा गं राणी, फुकटचं आहे!” साऊ-हानच्या तोंडून कुणा कर्कश बाईचा आवाज निघाला, “गुपचूप गिळा! व्याह्यांनी पाहिलं तर माझी अब्रू जाईल!” सगळं थिएटर खो खो हसलं. वाय-हुंगही हसला, अगदी मांडीवर थाप मारून. मग पडद्यावरच्या त्या माणसाने आईकडे पाहिलं, आईने त्याच्याकडे पाहिलं, आणि वाय-हुंगचं हसू थांबलं.

सिनेमा सुटल्यावर ते शेजारच्या नूडल्सच्या दुकानात बसले.

“पत्ते काय?” वाय-हुंग म्हणाला. “चांगले पत्ते खेळतेस.”

“चॉयबाईंनी नेलं होतं. एकच दिवस.”

“आणि तो म्हातारा कोण?”

“अहो, सिनेमात कोण कुणाचं असतं?” सुक-फान म्हणाली. “सासूबाई, काय छान दिसत होतात तुम्ही. आम्हाला सांगायचं तरी.”

“पण आजी,” का-यिंग म्हणाली, “तुझं तोंड वेगळंच बोलत होतं. आवाज केवढा लांब होता आणि तुझं तोंड एवढंसंच हललं. काय म्हणालीस तू?”

भाजीचे भाव, असं उत्तर साऊ-हानच्या ओठांवर आलं होतं. तिने चॉपस्टिक खाली ठेवल्या.

“‘येईन’ म्हणाले. त्यांनी चहाला बोलावलं होतं. मी गेले. तेव्हापासून दर रविवारी जाते. मोक नाव त्यांचं. भला माणूस आहे, हुंग. उद्या घरी येणार होते, मीच नको म्हटलं.”

वाय-हुंगची कानशिलं लाल झाली. “दर रविवारी! आणि मी लोकांना सांगतोय, आईला पत्त्यांनी बरं वाटतं!”

“अहो, आज तिसरा दिवस. आज भांडायचं नसतं,” सुक-फान हळूच म्हणाली.

“मी भांडत नाहीये!” तो इतक्या जोरात म्हणाला, की नूडल्स उकडणाऱ्या माणसाने वळून पाहिलं. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “बाबांच्या फोटोला काय सांगायचं आता?”

“तुझ्या बाबांना मी आधीच सांगितलंय. रोज उदबत्ती लावताना सांगते. तुलाच सांगायचं राहिलं.”

“का? मी काय परका आहे? तेविसाव्या वर्षापासून घर चालवतोय मी. तुला कधी काही कमी पडू दिलं?”

“नाही रे. पण तू विचारतोस ते एवढंच, की गोळी घेतली का. मी ‘घेतली’ म्हणते आणि आपलं बोलणं संपतं.” आता थांबून उपयोग नव्हता. “आणखी एक तुला सांगितलं नाही. बाबा गेले त्या दिवशी बस मिळाली होती. मीच उशिरा निघाले. सहा बाहुल्या राहिल्या होत्या, त्या पुऱ्या करून निघाले.”

का-यिंगने सूप पिणं थांबवलं.

“नऊ वर्षं,” वाय-हुंग म्हणाला, “नऊ वर्षं मी त्या बसला शिव्या घालतोय. कामावर रोज तो मार्ग समोर आला की माझं डोकं फिरतं. त्या मार्गावर दोन गाड्या जास्त टाकून घेतल्या मी, साहेबांशी भांडून.”

साऊ-हानने तोंडावर हात धरला. वाय-हुंग उठला, बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिला. काचेतून त्याची पाठ दिसत होती. सुक-फान जायला निघाली तर साऊ-हानने तिला बसवलं आणि ती स्वतः गेली. बाहेर काय बोलणं झालं ते कुणाला ऐकू आलं नाही. पण आत आला तेव्हा वाय-हुंगचे डोळे सुजले होते, आणि त्याने सगळ्यांसाठी आणखी एक एक वाटी मागवली.

“उद्या येणार होते ना?” घरी पोचल्यावर तो चपला काढता काढता म्हणाला. “मग येऊ दे. संत्री आणा म्हणावं. घरातली पोरीने संपवलीत.”

मोक आले. निळा कोट घातला होता, त्याची घडी अजून मोडली नव्हती. वाय-हुंग त्यांच्या डाव्या हाताला बसला, तीन प्रश्न विचारले आणि एकाचंही उत्तर न आल्याने चांगलाच भडकला. साऊ-हान स्वयंपाकघरातून धावत आली आणि दोघांना उठवून जागा बदलायला लावल्या. मग मोक म्हणाले, “पुन्हा विचारा. सगळं विचारा.” वाय-हुंगने खरंच सगळं विचारलं. पेन्शन, तब्येत, दारू, जुगार. एखाद्या बापाने मुलीसाठी विचारावं तसं.

लगेच सगळं गोड झालं असं नाही. उन्हाळ्यापर्यंत वाय-हुंग त्यांना ‘मोकसाहेब’च म्हणायचा आणि ते आले की कामाचं निमित्त काढून खाली जायचा. पण पुढच्या शरद ऋतूत दोघांनी लग्न नोंदवलं तेव्हा साक्षीदार म्हणून सही त्याचीच होती. जेवणाला एकच टेबल मांडलं आणि मासा गरम होता.

साऊ-हान याउ मा तेईला राहायला गेली त्या दिवशी वसाहतीची लिफ्ट बंद होती. तिचं शिवणयंत्र, जुनं, लोखंडी पायांचं, वाय-हुंगने एकट्याने चौदा मजले खाली आणलं. मोक दर जिन्यावर हात पुढे करत होते आणि तो दर वेळी “राहू द्या, राहू द्या” म्हणत होता. तळाच्या पायरीवर यंत्र टेकवून तो बाजूला बसला आणि लहान पोरासारखा रडला. सुक-फानने त्याच्या हातात टॉवेल दिला. मोक त्याच्याशेजारी बसले.

मग दोघांनी मिळून यंत्र उचललं, टेम्पोत चढवलं, आणि वाय-हुंग आईच्या नव्या घरी ते खिडकीपाशी लावून द्यायला बरोबर गेला.