नीट जुळलेले हाड

सुभद्राने पदराला हात पुसले आणि प्राध्यापकांनी पुढे केलेले हाड दोन्ही तळव्यांवर घेतले. डोळे मिटून ती त्यावरून अंगठा फिरवू लागली. मनगटापासून चार बोटे वर अंगठा थांबला.

गंगारामच्या माडांच्या बागेत विहीर खणताना शिंपल्यांच्या वाळूत तो सांगाडा लागला होता. पुण्याहून आलेल्या प्राध्यापकांच्या अंदाजाने तो तीन हजार वर्षांपूर्वीचा. बाई, वय तिशीच्या आसपास. अन्नातली वाळू चावून दात झिजलेले. डावा हात मोडून पुन्हा जुळलेला. पंचक्रोशीतली मोडलेली हाडे सुभद्रा बसवते हे कळल्यावर त्यांनी तिला मुद्दाम बोलावून घेतले. दवाखान्यातला डॉक्टर तिच्या विद्येला अडाणीपणा म्हणायचा. आज विद्यापीठातला माणूस तिचा शब्द टिपून घ्यायला वही उघडून बसला होता.

"पडली असेल का?" त्यांनी विचारले.

सुभद्राने डोळे उघडले. वर, विहिरीच्या खड्ड्याच्या काठावर गंगाराम, त्याचा मुलगा महादू आणि सून जानकी उभी होती. गेल्या वर्षी जानकीचा डावा हात तिनेच बसवला होता. पाय घसरून पडली, असे महादूने तेव्हा सांगितले होते. सुभद्राने पुढे काही विचारले नव्हते.

"पडान हय मोडना नाय," ती म्हणाली. "पडणारो हात टेकता, तेचा मनगट मोडता. ह्यो हात डोक्यार धरललो, काठी अडवूक."

मग तिने हाड जुळल्या जागेच्या गाठीवर बोट ठेवले.

"पण कोणीतरी बांदल्यान. बरो बांदल्यान."

हे तुम्हाला कोणी शिकवले, असे प्राध्यापकांनी विचारले.

"आवशीन. तिका तिच्या आवशीन," आईच्या आठवणीने सुभद्रा मान ताठ करून म्हणाली आणि हातातल्या हाडाकडे पाहत राहिली.

जानकी खड्ड्यात उतरली. बांगड्या मागे सारून तिने आपला डावा हात त्या हाडाशेजारी धरला. प्राध्यापकांनी तिला विचारून त्यावर हलकेच बोट फिरवले. जागा अगदी तीच, ते म्हणाले. आणि हा हात त्याहून सरळ बसलाय.



गंगाराम मुलाकडे वळला.

"महादू, जानकी खंय पडलली रे?"

महादू वाळूकडे पाहत राहिला. जानकीने हात मागे घेतला नाही.