सोप्यातली संसद

आमच्या निपाणीच्या घरात दर रविवारी दुपारी संसद भरायची. आप्पा हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवायचे आणि शाळेत हौस भागली नाही की उरलेलं घरी आणायचे. सोप्यातल्या, म्हणजे घराच्या दर्शनी खोलीतल्या, खुर्चीवर ते लोकसभेचे अध्यक्ष आणि खाली सतरंजीवर आम्ही दोन खासदार, मी त्रिशला आणि माझा थोरला भाऊ अरिहंत, म्हणजे अण्णा. अध्यक्षांना विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. "वरचं सभागृह कुठाय?" असं मी एकदा विचारलं, तर आप्पांनी गंभीरपणे माळ्याकडे बोट दाखवलं. तिथं तंबाखूची पोती होती.

आई राष्ट्रपती आणि स्वयंपाकघर म्हणजे राष्ट्रपती भवन. विधेयक आधी मोठ्यानं वाचायचं, मग एकेका कलमावर भांडायचं, मग मतदान, आणि शेवटी कागद आईकडे सहीला.

आमचं जैनांचं घर, त्यामुळे सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकलेली असायची. त्यावर आम्ही विधेयक आणलं. क्रिकेटची मॅच असेल त्या दिवशी अंधार पडल्यावर जेवलं तरी चालेल. आईनं ते परत पाठवलं. आम्ही जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं. आप्पा चष्मा सावरत म्हणाले, "राष्ट्रपतीबाई, एकदा परत धाडता येतं. दुसऱ्यांदा आलं की सही करायलाच लागती." आईनं मुकाट्यानं सही केली, गॅस बंद केला आणि जाऊन झोपली. जेवायची परवानगी होती, पण कुणी रांधून वाढायचं हे आमच्या कायद्यात कुठंच नव्हतं. हातात कायदा आणि पोटात कावळे! आप्पा हसून हसून लाल झाले. ते दिवस आठवले की मला अजून भरून येतं.

आप्पांना जाऊन दोन वर्षं झाली. आई निपाणीत एकटीच असते. गेल्या पावसाळ्यात ती परसातल्या शेवाळलेल्या फरशीवर घसरली आणि मनगट मोडून घेतलं. तेव्हापासून अण्णाचा एकच धोशा, घर बंद कर आणि बेळगावला माझ्याकडं चल. आईचं एकच उत्तर, न्हाय. मला अण्णाचं पटत होतं. संकेश्वरची नोकरी सांभाळून मी तरी किती वेळा धावणार?

मग अण्णाला युक्ती सुचली. "संसद भरवूया. ती परत धाडंल, आपण पुन्हा मंजूर करू. मग सही करायलाच लागंल. आप्पांचा नियम ती मोडायची न्हाय." युक्ती लबाडीची होती हे कळत होतं, पण मला त्या सतरंजीवर पुन्हा बसायचा मोह झाला.

रविवारी आम्ही दोघं सोप्यात बसलो. आप्पांची खुर्ची रिकामी ठेवली. अण्णानं वाचलं, "आईनं कायमचं बेळगावला राहायचं." ना चर्चा, ना कलमं. आमचे दोन हात वर गेले आणि विधेयक मंजूर! अण्णानं कागद आत नेऊन दिला.

आई पदराला हात पुसत कागद घेऊनच बाहेर आली. चेहऱ्यावर ना हसू ना राग.

"अरिहंत, मी राजीनामा देते."

"कशाचा?"

"राष्ट्रपतीपदाचा. लई वर्सं झाली रं. तुम्ही हितं भांडायचा, हसायचा, आणि मी आत भाकरी थापत ऐकायची. मान होता, पण मत न्हवतं. सोप्यात ये म्हणून एकदा तरी कुणी बोलावलं का मला?"

मी माझ्या त्या लाडक्या रविवारांत आईला शोधायला लागले. ती कुठंच दिसेना, नुसता भाकरी थापल्याचा आवाज. फार वाईट वाटलं मला.

आई सतरंजीवर आमच्या शेजारी टेकली. "आता मी खासदार. दुरुस्ती मांडू व्हय?"

"मांड," अण्णा म्हणाला.

"मी घसरले ती पावसात. चातुर्मासात मुनीसुदीक एका गावाला मुक्काम करत्यात. तसं पावसाचं चार महिनं मी बेळगावला. बाकीचं आठ महिनं हितंच. हितं सकाळी बस्तीत भगवंताचं दर्शन हुतंय, शेजारी मालुबाई हाय, तिच्यासंगं कन्नडात भांडता येतंय. तुझ्या चौथ्या मजल्यावर काय लिफ्टशी बोलू?"

"आणि उन्हाळ्यात काय झालं तर?" अण्णा उसळला.

"तर तसं कलम घाल की!"

मग जुंपली. परसातली फरशी बदलायची, हे एक कलम. रात्री मालुबाईच्या नातीनं सोबतीला यायचं, हे दुसरं. अण्णा चिडला, आई त्याच्यावर चढली, मी मध्ये पडून दोघांचंही ऐकून घेतलं. आप्पा गेल्यापासून त्या सोप्यात इतकं मनसोक्त भांडण झालं नव्हतं. चहा मी केला, कारण आईला सभागृह सोडायचं नव्हतं.

शेवटी मतदान. तिघांचे हात वर गेले, आईचा सगळ्यांत आधी.

अण्णानं सवयीनं कागद आणि पेन तिच्यापुढं धरलं. "सही कर."

"सही कशाला रं?" आई म्हणाली, "हात वर केलाय की मी."