पाडव्याचे पोळे

मी तापट आहे हे सगळ्या धामापूरला ठाऊक आहे. आमचा बैल पवळ्या माझ्याहून तापट होता. दिवाळीच्या तोंडावर तो एका मोकाट बैलाशी भिडला आणि शिंग मोडून घरी आला. जखमेत किडे पडले. दुखण्याने तो पिसाळला. गोठ्याचं दार त्याने फोडलं आणि औषध लावायला गेलेल्या माझ्या नवऱ्याला, सत्यवानला, भिंतीशी असा दाबला की दोन बरगड्या मोडल्या. विकून टाकू म्हटलं तरी सत्यवान म्हणे, "बैल इकूचो नाय." पवळ्याची आई मेल्यावर त्याला बाटलीने दूध पाजून सत्यवाननेच वाढवला होता.

सरकारी दवाखान्यातल्या शर्मिला डॉक्टर बघून गेल्या. शिंग मुळापासून कापायचं ठरलं.

"उद्या नऊला येते. आत्तापासून वैरण बंद, संध्याकाळनंतर पाणीसुद्धा नाही," त्या मला म्हणाल्या, कारण गोठा माझ्याकडे. "भरल्या पोटावर भूल दिली तर पोटातलं वर येऊन श्वासनळीत जातं. बैल गुदमरून मरेल. कळलं?"

कळलं म्हणाले. कळलं होतंच.

दुसऱ्या दिवशी पाडवा, गोरवांचा म्हणजे गुरांचा सण. त्या सकाळी घरात कोणी घास घ्यायच्या आधी आम्ही गोरवांना तांदळाचे पोळे, म्हणजे घावन, घालतो. दोन्ही गायींना ओवाळून मी पोळे घातले. ते बघून पवळ्याने दोराला हिसडे द्यायला सुरुवात केली. खांबावर डोकं आपटलं, मोडक्या शिंगातून रक्त उडालं ते माझ्या नव्या साडीवर.

"मर मेल्या!" मी किंचाळले, आणि लगेच जीभ चावली. सणाच्या दिवशी दारचं जनावर उपाशी ठेवून वर मर म्हणायचं? मी एक पोळा पुढे केला. तो शांत झाला. मग आठ घातले, वर घमेलंभर पेज.

नऊला डॉक्टर आल्या. वाडीतली माणसं अंगणात जमली. इंजेक्शन भरता भरता त्यांनी विचारलं, "काही खाल्लं नाही ना याने?"

छातीला पट्टा बांधलेला सत्यवान पुढे झाला. "माज्या बायलेन पाण्याचो थेंब दाखवक नाय. शब्दाची पक्की आसा ती."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अजून सुई टोचली नव्हती. पण चारचौघांत नवऱ्याला खोटा कसा पाडू? मीही नाही म्हणून मान हलवली. एवढ्याशा पेजेने काय होतंय, असं स्वतःला समजावलं.

पवळ्या गुडघ्यांवर आला, मग आडवा झाला. तारेची करवत शिंगाच्या मुळात फिरू लागली. रक्ताची चिळकांडी डॉक्टरांच्या तोंडावर उडाली, त्या थांबल्या नाहीत. शिंग तुटून पडलं. आणि पवळ्याच्या नाकातोंडातून पांढरी पेज भसाभसा बाहेर आली.

"उठवा त्याला! छातीवर घ्या!" डॉक्टर ओरडल्या. आठ जणांनी धड रेटलं. डॉक्टरांनी घशात कोपरापर्यंत हात घालून पोळ्यांचे लगदे ओढून काढले. पवळ्या पाय झाडत होता. एका लाथेने शेजारच्या ओंकारचं मनगट मोडलं. बैलाची जीभ निळी पडली. मग पाय थांबले.

"कोणी घातलं हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीया घातलंय," मी म्हणाले.

सत्यवानने हातातला दोर माझ्या पाठीवर हाणला. एकदा, दोनदा. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, त्याने कधी हात उगारला नव्हता. मी हलले नाही. मला तो मार हवा होता.

"सुयेच्या आदी कित्याक सांगूक नाय गो? कित्याक?" तिसऱ्यांदा हात वर नेताना त्याच्या बरगडीत कळ आली आणि तो पवळ्याच्या अंगावरच कोसळला. रक्तात तोंड खुपसून रडत पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिला.

उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं: तू सगळ्यांसमोर माझी बढाई मारलीस म्हणून. ते मी गिळलं. एवढं ऐकल्यावर बैल आपणच मारला असं त्याला जन्मभर वाटलं असतं.