अक्रोड कशाच्या जागी

माझे सासरे टुडोसे यांना द्राक्षमळ्याच्या चढावर छातीत कळ आली, तेव्हा आम्ही त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्तातली चरबी फार वाढली होती. बाईंनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "रोज मूठभर अक्रोड खा, बिनमिठाचे. काळजाला बरे."

सासरे वाटभर हसत राहिले. आमच्या अंगणातच दोन जुनी झाडं आहेत. "सूनबाई, औषध दारात अन् आपण गावभर हिंडतोय," ते म्हणाले.

ते रोज न चुकता अक्रोड खात. पण हिवाळा सरल्यावर तपासलं, तर चरबी होती तेवढीच, आणि वजन वाढलेलं.

"अक्रोड खाता ना?" बाईंनी विचारलं.

"रोज मूठभर."

"आणि खारवलेलं डुकराचं मांस?"

"तेही खातो. अक्रोड त्याच्यानंतर."

बाई खुर्चीत मागे रेलल्या. "आजोबा, ते त्याच्या जागी खायचे होते. त्याच्या वरून नाही."

सासऱ्यांचा चेहरा पडला. घरी आल्यावर त्यांनी तळघरातली त्या खारवलेल्या, चरबीदार मांसाची मोठी लादी काढली आणि शेजारच्या गाव्रिलकडे नेऊन ठेवली. गाव्रिल त्यांचा लहानपणापासूनचा मित्र.

"मला मारायला आणलीस होय रे?" गाव्रिल म्हणाला. "माझीही तीच तक्रार आहे."

शेवटी लादी गाव्रिलच्या कुत्र्यांच्या वाट्याला गेली. गाव्रिलही अक्रोड खाऊ लागला, पण त्याची कवळी त्यांना पुरी पडेना, म्हणून मी लसूण घालून खलात अक्रोड कुटून द्यायला लागले. संध्याकाळी दोघं ते मामालिगाबरोबर, म्हणजे मक्याच्या घट्ट घाट्याबरोबर खात, आणि मग नदीपर्यंत चालून येत. वाटेत भांडत, पण चालत.

पुढच्या तपासणीत आकडे उतरले होते. "हे एकट्या अक्रोडाचं काम नाही," बाई म्हणाल्या, "गोळ्या, चालणं, सोडलेलं डुकराचं मांस, सगळ्यांचं आहे. पण सोडू नका."

त्या शरदात सासरे कुंपणाकडे खड्डा खणताना दिसले. शेजारी अक्रोडाचं रोपटं.

गाव्रिल कुंपणावरून ओरडला, "वेड्या, अक्रोडाचा बुंधा लावणाऱ्याच्या मानेएवढा झाला की लावणारा मरतो म्हणतात, ठाऊक नाही?"

सासऱ्यांनी मानेवरून हात फिरवला. "माझी मान बैलाची आहे. वेळ लागेल त्याला," म्हणाले, आणि मला पाणी आणायला सांगितलं.